पाळीव सापाचं पाणी: भांडं, हवा आणि कात

पाण्याचं भांडं भरलेलं आहे, पाणी रोज बदललं जातं, तरी सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते, अंगावर बारीक सुरकुत्या दिसतात आणि विष्ठेतला पांढरा भाग खडूसारखा कडक होतो. साप पाळणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारींपैकी ही एक. अशा वेळी पहिलं सुचतं ते पाणी वाढवणं: मोठं भांडं आणा, दिवसातून चार वेळा फवारा मारा, सापाला रोज पाण्यात बसवा. माझा सल्ला उलट आहे. सापाच्या अंगातलं पाणी कुठून निसटतंय ते आधी शोधा. बहुतेक वेळा ते कोरड्या हवेत आणि वाजवीपेक्षा जास्त उष्णतेत जात असतं, आणि तिकडे लक्ष दिलं नाही तर भांडं कितीही मोठं केलं तरी फरक पडत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट. पुढे जे लिहिलं आहे ते पाळण्यासाठीच पैदास केलेल्या, बिनविषारी किंवा (हॉगनोजसारख्या) अगदी सौम्य विषाच्या सापांसाठी आहे: बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंगस्नेक, हॉगनोज, सँड बोआ वगैरे. रानातून पकडलेला साप पाळू नका. पुष्कळ देशांत तो गुन्हा आहे. शिवाय असा साप ताणामुळे खाणंपिणं सोडतो आणि मग पाण्याची कुठलीच युक्ती त्याच्यावर चालत नाही. पैदास केलेला साप घेण्यापूर्वीही आपल्याकडचा वन्यजीव कायदा आणि परवान्याचे नियम तपासून घ्या.

साप पाणी पितो कसं आणि घालवतो कुठे

साप जिभेने पाणी पीत नाही. ती दुभंगलेली जीभ वास टिपण्यासाठी असते. पिताना साप तोंडाचं टोक पाण्यात टेकवतो आणि खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला असलेल्या बारीक घड्यांमध्ये पाणी स्पंजासारखं शोषलं जातं. मग स्नायू ते दाबून घशाकडे ढकलतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही रचना नीट उलगडली गेली. नीट पाहिलं तर पिणाऱ्या सापाच्या जबड्याची एक मंद, ठरावीक लयीतली हालचाल दिसते. पुष्कळ साप रात्री, दिवे मालवल्यावर पितात. त्यामुळे ‘माझा साप पाणी पीतच नाही’ हे मी सहसा लगेच मान्य करत नाही.

बाहेर जाण्याचे मार्ग तीन: श्वास, कातडी आणि उत्सर्जन. कातडीत मेदयुक्त पदार्थांचा एक पातळ थर असतो आणि पाणी अडवण्याचं खरं काम तो करतो, खवले नव्हे. उत्सर्जनात तर साप कमालीचा काटकसरी आहे. त्याला मूत्राशय नसतं. नको असलेलं नायट्रोजन तो युरिक ॲसिडच्या रूपात, पांढऱ्या लगद्यासारखं बाहेर टाकतो. त्या लगद्याला युरेट म्हणतात. पाणी कमी पडलं की हे युरिक ॲसिड वाहून नेलं जात नाही, ते मूत्रपिंडात आणि पुढे सांध्यांत व इतर अवयवांत साचू लागतं. सापांमधला गाऊट तो हाच. एकदा झाला की बरा होणं फार अवघड, म्हणून पाण्याचा प्रश्न फक्त कातीपुरता समजू नये.

भक्ष्यातूनच पाणी मिळतं, मग वेगळं कशाला, असं काही जण म्हणतात. उंदराच्या शरीराचा साधारण दोन तृतीयांश भाग पाणी असतो हे खरं. पण प्रथिनं पचवायला आणि त्यांतला नायट्रोजन बाहेर टाकायलाही पाणी लागतं. वाळवंटी भागातल्या वेस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेकवर झालेल्या प्रयोगात, शरीरातलं पाणी कमी झालेल्या सापांना खाऊ घातल्यावर त्यांची स्थिती सुधारली नाही. हेच साप पाऊस पडला की अंग चपटं करून वेटोळ्यात बसतात आणि स्वतःच्या पाठीवर साचलेलं पाणी पितात. आयुष्यभर समुद्रात राहणारा पिवळ्या पोटाचा समुद्री सापसुद्धा खारं पाणी पिऊन भागवत नाही. पावसानंतर समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या गोड्या पाण्याची तो वाट पाहतो. थोडक्यात, प्यायचं पाणी सगळ्यांनाच लागतं, वाळवंटातल्यालाही.

पहिलं काम: आपल्या सापाला किती आर्द्रता लागते ते नक्की करा

‘सापाला किती आर्द्रता लागते’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कॉर्न स्नेक आणि किंगस्नेक 40 ते 60 टक्क्यांत मजेत राहतात. बॉल पायथनला 55 ते 70 टक्के बरे. कात टाकायच्या दिवसांत 70 च्या वर गेलं तरी चालतं. बोआ कन्स्ट्रिक्टरला साधारण 60 ते 70. ब्राझिलियन रेनबो बोआ मात्र दमट हवेशिवाय टिकत नाही, त्याला 75 टक्क्यांच्या वरच ठेवावं लागतं. याउलट वेस्टर्न हॉगनोज आणि केनियन सँड बोआ 30 ते 50 टक्क्यांतले; त्यांना कायम ओल्या जागेत ठेवलं तर पोटाचे खवले कुजायला लागतात.

तापमान याच हिशेबात येतं. बॉल पायथनच्या पेटीच्या उबदार टोकाचा पृष्ठभाग 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड टोक 25 ते 27 असावं. कॉर्न स्नेकला उबदार टोकाला 29 ते 31 आणि दुसऱ्या टोकाला 22 ते 25 पुरतं. सापाला या दोन टोकांमध्ये निवड करता आली पाहिजे. सगळी पेटी सारखीच गरम असेल तर त्याला पाणी वाचवण्याचा मार्गच उरत नाही. दोन्ही टोकांना लपायला एकेक हाइड असावं. नाहीतर भित्रा साप लपायच्या ओढीने गरम टोकाला पडून राहील आणि तिथेच सुकेल.

दुसरं काम: मोजा, आणि मोजणारं यंत्रही तपासा

काट्याचे गोल, चिकटवायचे हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारी यंत्रं, दिसायला छान असतात. त्यांच्यावर माझा विश्वास नाही. पंधरा-वीस टक्क्यांची चूक ते सहज दाखवतात. प्रोब (तारेच्या टोकाला असलेला संवेदक) असलेला डिजिटल हायग्रोमीटर घ्या. शक्य असेल तर दोन घ्या, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. प्रोब सापाच्या उंचीवर, म्हणजे तळापासून थोडाच वर ठेवा. झाकणाजवळची हवा सापाच्या काही कामाची नसते.

यंत्र बरोबर आहे का ते मिठाने तपासता येतं. बाटलीच्या बुचात साधं मीठ भरा, पाण्याचे काही थेंब टाकून ते ओल्या वाळूइतकं भिजवा. मीठ विरघळून पाणी व्हायला नको. बूच आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत घालून खोलीच्या तापमानाला आठ ते बारा तास ठेवा. भिजलेल्या मिठाभोवतीची बंद हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र 70 दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी मनात पाच मिळवायचे. दहापेक्षा जास्त फरक असेल तर यंत्र बदला.

पृष्ठभागाचं तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर सोयीचा. आणि उष्णतेचं कुठलंही साधन, मग ती मॅट असो की दिवा, थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. सापाच्या पोटाला भाजल्याची जाणीव वेळेवर होतेच असं नाही; तो गरम जागेवर तसाच पडून राहतो.

तिसरं काम: भांडं

भांडं जड आणि रुंद बुडाचं हवं, म्हणजे साप खालून डोकं घालून ते उलटवणार नाही. चिनी मातीचं किंवा जाड राळेचं चांगलं. आकारावरून साप पाळणाऱ्यांत वाद आहेत. माझं मत असं: दमट हवा लागणाऱ्या सापाला वेटोळं करून बसता येईल एवढं भांडं द्या, हॉगनोज आणि सँड बोआला तोंड टेकवण्यापुरतं लहान भांडं पुरे, कारण मोठ्या भांड्यातली वाफ त्यांच्या पेटीत नकोशी असते. भांडं दोन तृतीयांशच भरा. साप आत उतरला की पाणी वर चढतं आणि काठोकाठ भरलेलं असेल तर सगळं तळाच्या थरात सांडतं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांसाठी भांडं उथळ ठेवा. पण पिल्लांचं पाणी संपू देऊ नका: त्यांच्या वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त असतं, त्यामुळे ती मोठ्या सापापेक्षा लवकर सुकतात.

भांडं थंड टोकाला ठेवलं की पाणी ताजं राहतं. आर्द्रता वाढवायची असेल तर ते मध्याकडे सरकवा. थेट उष्णतेखाली ठेवलेलं पाणी लवकर खराब होतं, म्हणून तिथे भांडं ठेवायचं ठरवलंत तर दिवसातून दोनदा पाहायची तयारी हवी.

नळाचं पाणी माणसाला पिण्यालायक असेल तर सापालाही चालतं. क्लोरीनचा वास फार येत असेल तर उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून वापरा. क्लोरॅमीन (काही ठिकाणी क्लोरीनऐवजी पाण्यात घालतात ते) मात्र असं ठेवून उडून जात नाही, त्यासाठी पाणी शुद्ध करणारं कंडिशनर लागतं. डिस्टिल्ड पाणी फवाऱ्याच्या यंत्रात घाला, तिथे क्षार साचत नाहीत. रोज प्यायला ते देण्याचं कारण नाही.

पाणी रोज बदला, भांडं रोज घासा. आतून बोट फिरवल्यावर जो बुळबुळीतपणा लागतो तो जीवाणूंचा थर असतो आणि नुसतं पाणी ओतून देऊन तो जात नाही. आठवड्यातून एकदा निर्जंतुक करा: घरगुती ब्लीच दहापट पाण्यात मिसळून दहा मिनिटं ठेवा, मग वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन वाळवा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही साफसफाईचं रसायन मिसळू नका. सापाने पाण्यात विष्ठा केली, आणि हे ते आवडीने करतात, तर आठवड्याची वाट न पाहता लगेच ही सगळी सफाई करायची. दोन भांडी ठेवली तर एक वाळत असताना दुसरं आत जातं. भांडं धुण्याचा ब्रश वेगळा असावा आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर करू नये. सापांच्या आतड्यात साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जीवाणू सर्रास असतो. हाताळणी झाली की साबणाने हात धुवा, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना या कामापासून लांब ठेवा.

चौथं काम: हवा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर.

हायग्रोमीटर दाखवतो ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाची हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे. गरम हवा जास्त वाफ धरते. म्हणून 22 अंशांची आणि 60 टक्के आर्द्रतेची खोलीतली हवा पेटीत शिरून 32 अंशांपर्यंत तापली की तीच हवा सुमारे 33 टक्क्यांवर येते. वाफेचा एक थेंबही कमी झालेला नाही, तरी ती आता सापाच्या अंगातून पाणी ओढणारी हवा झाली. खोलीतला हायग्रोमीटर ‘ठीक’ सांगतो आणि पेटीतला साप सुकतो, याचं कारण हे. हिवाळ्यात हीटर आणि उन्हाळ्यात एसी चालणाऱ्या खोलीत तर सुरुवातच कोरड्या हवेने होते.

म्हणून पहिली दुरुस्ती झाकणाची. पूर्ण जाळीचं झाकण असलेल्या काचेच्या टाकीत दिव्याने तापलेली हवा वर उठते आणि वाफ घेऊन निघून जाते. जाळीचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग ॲक्रिलिकच्या पत्र्याने किंवा ॲल्युमिनियम फॉइलने बाहेरून झाका. ॲक्रिलिक दिव्यापासून दूर असू द्या, नाहीतर ते वितळेल. चिकटपट्टी पेटीच्या आत कधीही लावू नका. साप तिला चिकटतो आणि सोडवताना कातडी सोलली जाते. अशा जखमा खरंच होतात. बाजूला हवेची छिद्रं असलेली लाकडी किंवा पीव्हीसीची पेटी आर्द्रता मुळातच चांगली धरते. नवीन पेटी घ्यायची असेल तर मी तीच घेईन.

मग तळाचा थर. नारळाच्या सोडणाचे तुकडे, काथ्याचा भुसा किंवा सायप्रसच्या सालीचा भुगा हे पाणी धरून ठेवतात आणि सहज बुरसत नाहीत. ॲस्पेनच्या लाकडाचा भुसा कोरड्या हवेच्या सापांना उत्तम, पण ओला झाला की बुरशी धरतो. सीडरच्या लाकडाचा भुसा तर आणूच नका. त्याचे तेलकट वास सापाला घातक असतात. थर किमान सात-आठ सेंटिमीटर जाड घाला आणि पाणी वरून शिंपडण्याऐवजी कोपऱ्यांत ओता, म्हणजे ते खालच्या थरात जाऊन बसेल आणि हळूहळू वर वाफ देत राहील. वरचा थर हाताला कोरडा लागला पाहिजे. साप ओल्यावर झोपता कामा नये. दर काही दिवसांनी थर खालीवर करा आणि कुबट वास आला की बदला.

फवाऱ्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. फवारा मारला की हायग्रोमीटर नव्वदवर जातो, मालक खूश होतो, तासाभरात आकडा पुन्हा पस्तिशीत येतो. मधल्या वेळात वरचा थर मात्र ओला राहतो. जमिनीवर राहणाऱ्या सापासाठी हा दोन्हीकडून तोटा. अपवाद झाडावर राहणाऱ्यांचा: ग्रीन ट्री पायथन किंवा एमराल्ड ट्री बोआ भांड्याकडे दुर्लक्ष करून पानांवरचे आणि स्वतःच्या वेटोळ्यांवरचे थेंब पितात. त्यांना संध्याकाळी भरपूर फवारा द्या आणि सकाळपर्यंत पेटी बरीचशी सुकू द्या. ओलं-कोरडं असं चक्र त्यांना मानवतं, सततचा चिखल मानवत नाही.

आर्द्रता वाढवण्याच्या नादात हवा कोंडू देऊ नका. काचेवर दिवसभर पाण्याचे थेंब दिसत असतील तर वायुवीजन कमी आहे. कोंदट, दमट आणि थंड हवा एकत्र आली की श्वसनाचा संसर्ग ठरलेला. दमटपणा वाढवायचा असेल तर उष्णता बरोबर ठेवा, आणि थंड टोक नेमून दिलेल्या तापमानाच्या खाली जाऊ देऊ नका.

आणि ज्यांना सगळी पेटी दमट करायची नाही त्यांच्यासाठी, खरं तर सगळ्यांसाठीच, दमट हाइड. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, सापाच्या जाडीच्या दीडपट भोक पाडा, त्याची कड घासून गुळगुळीत करा, आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भिजवून घट्ट पिळून भरा. मुठीत दाबल्यावर पाणी टपकायला नको. हा डबा उबदार आणि थंड टोकाच्या मध्ये ठेवा. सापाला गरज वाटली की तो आपणहून आत जातो, नको तेव्हा बाहेर येतो. मॉस आठवड्याला तपासा, महिन्याला बदला. एवढ्या साध्या डब्याने कातीच्या निम्म्या तक्रारी मिटतात, असं मी बिनदिक्कत म्हणेन.

कात

कात टाकायच्या आधी रंग फिका पडतो आणि डोळे निळसर-दुधी होतात. जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे द्रव जमतो त्यामुळे हे होतं. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर साधारण तीन ते सात दिवसांत कात पडते. या काळात सापाला नीट दिसत नाही, तो चिडचिडा असतो, पुष्कळ जण खात नाहीत. हाताळू नका. दमट हाइड नसेल तर डोळे निळे दिसल्याबरोबर आत ठेवा, घासायला एखादा खडबडीत दगड किंवा फांदी द्या.

निरोगी सापाची कात एकसंध, उलटी होऊन निघते. ती टाकून देण्याआधी उलगडून पाहा. डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक चकत्या कातीत आहेत का? शेपटीचं टोक आहे का? शेपटीला जुन्या कातीचे वळे राहिले तर ते आवळत जाऊन रक्तपुरवठा बंद करतात आणि टोक काळं पडून गळतं. अडकलेली कात ओढून काढू नका. ओलसर, कोमट टॉवेल एका हवेशीर डब्यात घाला, सापाला त्यातून अर्धा तास फिरू द्या, म्हणजे घासून ती आपोआप सुटते. डोळ्यावरची चकती राहिली असेल तर चिमटा हातात घेऊच नका. पुढच्या कातीच्या वेळी आर्द्रता नीट ठेवली तर बहुधा ती निघून जाते. दोनदा राहिली तर पशुवैद्याकडे जा.

सुकलेला साप ओळखायचा कसा

सगळ्यात प्रामाणिक खूण विष्ठेत असते. युरेट पांढरा किंवा फिकट पिवळसर, मऊ आणि ओलसर असेल तर पाण्याची बाजू ठीक. कडक, कोरडा, कणीदार, गडद पिवळा किंवा नारिंगी असेल तर पाणी कमी पडतंय. हिरवट दिसला तर तो पाण्याचा प्रश्न नाही, यकृत तपासून घ्यावं लागेल.

कातडीवर लांबीच्या दिशेने घड्या पडतात आणि साप सरळ झाला तरी त्या जात नाहीत. वेटोळ्याच्या आतल्या बाजूला पडणाऱ्या घड्या सगळ्याच सापांना असतात, त्यांना घाबरू नका. वजन उतरलेल्या किंवा नुकती अंडी घातलेल्या मादीची कातडीही सैल दिसते. डोळ्यावरच्या चकतीला खळगा पडणं, डोळे आत गेलेले वाटणं, लाळ चिकट तारांसारखी दिसणं या पुढच्या पायऱ्या. अंगात जोर नसणं ही त्याहून पुढची.

साप दिवसदिवस भांड्यातच बसलेला असेल तर त्याला ‘पाणी आवडतं’ असं समजून सोडून देऊ नका. आधी तापमान मोजा. पेटी तापली असेल तर तो थंडावा शोधतोय. मग पाण्यात आणि त्याच्या हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला काळे, खसखशीएवढे ठिपके शोधा. ते सापांवरचे माइट, म्हणजे रक्त शोषणारे बारीक परजीवी, असतात आणि ते बुडवण्यासाठी साप पाण्यात बसतो. दोन्ही नसेल तर कात जवळ आली आहे किंवा हवा कोरडी आहे.

सुकलाच असेल तर

क्रम महत्त्वाचा. आधी तापमान आणि हवा सुधारा, स्वच्छ पाणी ठेवा. सौम्य लक्षणं असतील तर एवढ्यानेच दोन-चार दिवसांत फरक दिसतो.

नाही दिसला तर पाण्यात बसवा. छिद्रं पाडलेल्या झाकणाचा डबा घ्या. पाणी 27 ते 29 अंशांचं, थर्मामीटरने मोजून. हाताला गरम लागणारं पाणी सापासाठी जास्त गरम असतं. पाण्याची खोली सापाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे दमला तरी त्याचं डोकं बिनकष्ट पाण्याबाहेर राहील. वीस ते तीस मिनिटं. तुम्ही समोर बसलेले असायला हवं, कारण अशक्त साप उथळ पाण्यातही बुडू शकतो. या वेळात तो प्यायला तर उत्तम, खरा फायदा तोच. पुसून परत ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. जेवणानंतर दोन दिवस हे करू नका, ताणाने साप भक्ष्य ओकतो. निरोगी सापाला नेमाने आंघोळ घालण्याची गरज नाही. ज्याला दर आठवड्याला पाण्यात बसवावं लागतं त्याची पेटी चुकलेली आहे.

खाणारा साप असेल तर गोठवलेला उंदीर वितळवून, पाण्यात बुचकळून ओलाच द्या. प्रत्येक जेवणाबरोबर थोडं जास्तीचं पाणी जातं. तो ताटलीवर ठेवा, नाहीतर ओल्या केसांना भुसा चिकटून पोटात जाईल. फार सुकलेल्या किंवा उपाशी सापाला मात्र आधी पाणी, मग खाणं. पाणी भरून आलं की पहिलं भक्ष्य नेहमीपेक्षा लहान. प्रवास करून आलेल्या नव्या सापालाही हेच: पहिल्या दिवसापासून पाणी, आणि खाणं पाच-सात दिवसांनी.

सिरिंजने तोंडात पाणी सोडू नका. सापाची श्वासनलिका तोंडाच्या तळाशी, अगदी पुढे उघडते. पाणी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. दूधही नको. तहानलेला साप समोरचं कुठलंही द्रव पितो, त्यात दूध आलं, पण त्याचं आतडं ते पचवण्यासाठी बनलेलं नाही. खेळाडूंची साखरयुक्त पेयं आणि माणसांची क्षारांची पुडी पशुवैद्याने सांगितल्याशिवाय देऊ नका.

दोन-तीन दिवसांत सुधारणा नसेल, डोळे खोल गेले असतील, किंवा वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. ते कातडीखाली किंवा शरीराच्या पोकळीत सलाइन देतात, वजनाप्रमाणे मोजून. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडातून फेस, पोटावर तांबूस डाग किंवा फोड, डोकं आकाशाकडे वळवून तसंच राहणं, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी जा. घरात पडलेलं कुठलंही प्रतिजैविक स्वतःहून देऊ नका. जेंटामायसिनसारखी औषधं सुकलेल्या सापाच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा करतात.

जाताना नोंदवही सोबत न्या. महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यासारख्या, पण सापासाठीच वेगळ्या ठेवलेल्या वजनकाट्यावर घेतलेलं वजन, जेवणाच्या तारखा, काती, युरेटचा रंग आणि पेटीचे दोन्ही टोकांचे आकडे, एवढं त्यात असलं तरी पुरतं. शेवटच्या विष्ठेचा फोटो काढलेला असेल तर तोही दाखवा, आणि ताजी असेल तर झाकणाच्या डबीत भरून न्या.